पालखी वळायची ते वळण

माहेर कुठलं म्हणून कुणी विचारलं की मी हल्ली सेक्टरचा नंबर सांगून मोकळी होते. गावाचं नाव घेतलं की समोरची बाई म्हणणार, "अय्या, इथं गाव पण आहे? मला वाटलं नवी मुंबई म्हणजे सगळं नवीनच." मग तिला सांगत बसा, की बाई गं, तुझा सेक्टर यायच्या कितीतरी आधी इथं भातशेती होती, मिठागरं होती, खाडी होती आणि त्यावर जगणारी आम्ही माणसं होतो. तुझ्या गॅलरीतून ती दाटीवाटीची घरं दिसतात ना, एकावर एक चढवलेली, तेच आमचं गाव. नव्वदीच्या सुरुवातीला हे सांगताना मी तावातावानं भांडायची. आता सांगायचाच कंटाळा येतो.

आमची आळी गावातली सगळ्यात जुनी. मोठ्या रस्त्यावरून आत शिरलं की ती थोडी सरळ जायची आणि मग हाताच्या कोपरासारखी एकदम वळायची. वळणाच्या पुढं मोजकीच घरं, त्यातलं शेवटचं आमचं. सगळी कौलारू. प्रत्येकाला पुढं ओटी, ओटीला लाकडी खांब, कडेला बसायला शेणानं सारवलेला कट्टा. आपल्या ओटीवर बसून समोरच्या ओटीवरच्या बाईशी आवाज न चढवता बोलता यायचं, एवढी आळी रुंद. त्याहून जास्त नको आणि कमीही नको.

ही रुंदी कुठल्या ऑफिसात ठरलेली नव्हती. ती पालखीनं ठरवलेली होती. चैत्रात गावदेवीची जत्रा असायची. पालखी गावातल्या प्रत्येक आळीत, प्रत्येक दारात जायची. तिचा दांडा सागाचा, चांगला लांब, दोन्ही टोकांना पितळी सिंहाची तोंडं. पुढं दोघं, मागं दोघं. सरळ आळीत कुणीही पालखी नेईल, खरी परीक्षा वळणावर. वळताना दांडा कुणाच्या भिंतीला किंवा पायरीला लागला, की पुढचा खांदेकरी मोठ्यानं ओरडायचा, "लागला!" वाजप बंद व्हायचं. त्या घरची बाई ताट घेऊन यायची, दांडा लागला त्या जागेवर हळदकुंकू लावायची आणि पालखी तिरकी करून, कशीबशी पुढं काढली जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घरचे पुरुष पहार घेऊन तेवढा भाग स्वतःच पाडून टाकायचे. देवीनं बोट लावून दाखवलं, तिला जागा पाहिजे, विषय संपला.

पुढचा उजवा खांदा माझ्या बाबांचा. ते मिठागरावर राबलेले, उन्हानं पार काळे पडलेले, बोलायला कमी. वर्षभर त्यांचा आवाज घरातसुद्धा नीट ऐकू यायचा नाही, पण त्या दिवशी "लागला" म्हणाले की सगळी आळी गप्प. मी लहान असताना शेजारच्या काकूनं कौतुकानं नवी पायरी बांधून घेतली होती, लाल कोब्याची, गुळगुळीत. आम्हा पोरांना तिच्यावर पाय ठेवू द्यायची नाही. त्या चैत्रात नेमका दांडा तिलाच लागला. काकू ढसाढसा रडली, रडत रडत हळदकुंकू लावलं, आणि सकाळी पायरी फोडणाऱ्यांना तिनंच चहा करून दिला. बाबांशी ती एक दिवसही वाकडं बोलली नाही.

आई गेली तेव्हा मी शाळेत होते. तिची तिरडी आमच्या दारात बांधली आणि चौघांनी खांद्यावर घेऊन ती वळणावरून नेली. कुठं टेकली नाही, कुठं अडली नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

पुढं माझं लग्न झालं. नवरा साताऱ्याकडचा, ऑफिसात क्लार्क. आम्ही गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर सोसायटीत फ्लॅट घेतला आणि मी तिथल्याच एका शाळेत शिकवायला लागले. रोज शाळा सुटली की वाटेत बाबांकडे डोकावून यायची. तेव्हाच गावात बांधकामं सुरू झाली. नव्या शहरासाठी सरकारनं शेती घेतली होती, मिठागरं घेतली होती. त्याच्या बदल्यात प्लॉट मिळेल मिळेल म्हणत म्हातारे मरून चालले होते. हातात उरली होती फक्त घराखालची जागा. आणि तिकडं एपीएमसी मार्केटला येणारे हमाल, ड्रायव्हर, दुकानांतली पोरं, सगळ्यांना भाड्यानं खोल्या हव्या होत्या. आधी शेजारच्या बोनकोडे गावात घरांवर मजले चढले, मग आमच्याकडं चढले. कळंबोलीहून सळयांचे टेम्पो यायचे, रस्त्यावरच रिकामे व्हायचे आणि सळया माणसांच्या खांद्यावरून आत जायच्या.

एकदा मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजची मुलं-मुली आली, जुनी घरं बघायला. गळ्यात कॅमेरे, हातात टेप. आमच्या ओटीवर बसून खांबांची चित्रं काढली. एक मुलगी बाबांना म्हणाली, "आजोबा, हे सगळं जपायला हवं हं."

बाबा म्हणाले, "जपताव नं. दर चैतान जपताव."

तिला काही कळलं नाही. मग मी दांड्याची पद्धत समजावून सांगितली. त्यांचे सर म्हणाले, "इंटरेस्टिंग." चहा प्यायले, चित्रं पाठवून देतो म्हणाले आणि गेले. कशाचं काय! ती चित्रं अजून येतायत.

मग दादाची पाळी आली. माझा मोठा भाऊ केमिकल कंपनीत होता. कंपनीला एक दिवस टाळं लागलं आणि ते निघालंच नाही. दोन मुलं, वहिनी, म्हातारे बाबा, सगळं त्याच्यावर. वळणावर आमचाच जुना गोठा होता. गुरं केव्हाच गेली होती, आत नुसता पालापाचोळा. तिथं तीन मजली बिल्डिंग बांधायची, खोल्या भाड्यानं द्यायच्या आणि पुढं ती मुलांना राहील, असं त्यानं ठरवलं. त्यात चूक काय म्हणायची?

बाबासुद्धा नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "बांद. पन वलनाचा कोपरा सोर."

"हो बाबा, टेन्शन नको घेऊ," दादा म्हणाला. आणि तो खरंच सोडणार होता, हे मी शपथेवर सांगेन. पण कंत्राटदारानं पाया आखताना सांगितलं, कोपरा सोडला तर जिना बसत नाही. जिना नाही तर वरच्या खोल्या नाहीत आणि खोल्या नाहीत तर बांधायचंच कशाला? खांब नेमका कोपऱ्यावर उभा राहिला.

बाबांनी तो पाहिला तेव्हा त्याला अजून फळ्या ठोकलेल्या होत्या. थोडा वेळ तिथं उभे राहिले आणि घरी येऊन म्हणाले, "चैतान बगू."

त्या दिवसापासून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. बाबांजवळ बसले की ते एवढंच म्हणायचे, चैतान बगू. दादाकडे विषय काढला की तो उसळायचा. "बाय, कंपनी बंद परली तवा देवी आली होती का मना पगार द्यायला? दोन पोरं हायत मना. ती काय ओटीवर बसून वारा खातील?" मी स्वतः फ्लॅटमध्ये राहत होते, मला जिना होता. घरी आले की नवरा म्हणायचा, "तुमच्या गावाचं टेन्शन तू एकटीनंच का घेतलंयस?" इकडे आड, तिकडे विहीर. मी दोघांकडं जाऊन दोघांचं ऐकायची आणि डोकं धरून घरी यायची. खांबाला प्लास्टर झालं, पांढरा चुना लागला, वर लोक राहायला आले.

चैत्र आला. मी सुट्टी टाकून माहेरी होते. बँजो वाजत होता, पोरं नाचत होती, गुलाल उडत होता. पालखी आळीत शिरली आणि पुढचा उजवा खांदा बाबांचाच. दादा गर्दीत मागं होता. वळणावर आली तसे सगळे आपोआप हळू झाले. बाबांनी पाऊल तिरकं टाकलं, मागच्यांनी मागं रेटलं, दांडा फिरला आणि पितळी तोंड खांबावर टक्कन आपटलं.

बाबांनी दादाकडं पाहिलं नाही. समोर बघून म्हणाले, "लागला."

वाजप थांबलं. वहिनी ताट घेऊन आली. तिनं खांबाला नीट हळदकुंकू लावलं. मग पालखी पुढं काढायची म्हणून तिरकी केली, उंच केली, तर वरून गॅलरी आडवी. मागं घेतली, पुन्हा फिरवली. नाहीच. शेवटी पालखी उलटी मागं गेली. आमच्या घरासकट वळणापुढच्या दारांत त्या वर्षी देवी आलीच नाही. मी ताटात निरांजन लावून उभी होते, ते विझेपर्यंत तशीच उभी राहिले.

सकाळी पहार घेऊन कुणी आलं नाही, कारण खांब पाडणं म्हणजे पायरी फोडणं नव्हे. देवळात गावकी बसली. आणि बसल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की आज हा खांब पाडला तर उद्या प्रत्येकाला आपलं काही ना काही पाडावं लागेल. कुणाचा जिना पुढं आला होता, कुणाची गॅलरी, कुणाची मोरी. जो तो दुसऱ्याकडं बघत होता. मग गावकीचा अध्यक्ष, चांगला समजूतदार माणूस, म्हणाला, "देवीला रस्ता पायजे आणि मानसाला घर पायजे. दोघांचा बी मान राखू. दांडा थोरा लांबच हाय. कमी करू."

मी मागं बायकांत बसले होते. मला राहवलंच नाही. म्हटलं, "अहो काका, पायाला बूट लागतो म्हणून पाय कापतात का?" दोन-चार जण हसले. एक म्हातारा म्हणाला, "सासरी गेलेल्या पोरीनं गावकीत बोलू नये." झालं. माझं तोंड बंद.

बाबा उभे राहिले. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, "दांडा देवीसाटी लांब नाय. देवी काय, मुठीत मावंल येवरी. आपल्या आज्यांनी दांडा मापला तो निजलेल्या मानसावर. आजारी मानूस खाटेवर घालून नेला पायजे, मेलेला मानूस खांद्यावर नेला पायजे. सांगून कोन ऐकनार व्हता? म्हनून रस्त्याचा नेम देवीच्या खांद्यावर दिला." मग म्हणाले, "माज्या पोराचा खांब हाय, मना ठाव हाय. तरी सांगतंव. दांडा कापू नका."

दादा मान खाली घालून बसला होता. कुणीही बाबांना चूक म्हटलं नाही. सगळे म्हणाले, खरं हाय, खरं हाय. आणि दांडा कापायचं ठरलं.

सुतारानं देवळाच्या पायरीवर बसून तो कापला. पितळी तोंडं काढून नव्या टोकांना बसवली. कुठं कापलाय ते बघणाऱ्याला कळलंही नसतं. उरलेले तुकडे देवळामागं पडून होते, पुढं कुणीतरी मांडवाच्या खुंटांना वापरले.

पुढच्या चैत्रात पालखी झोकात वळली, आमच्या दारात आली, वहिनीनं आणि मी ओवाळलं. पण आखूड दांड्याला आता पुढं एक आणि मागं एक, दोघंच खांदेकरी मावायचे. जवान पोरं लागायची. बाबांना कुणी बाजूला हो म्हणालं नाही, त्यांना उभं राहायलाच जागा उरली नव्हती. ते ओटीवर बसले आणि बसल्या जागेवरून त्यांनी हात जोडले. मला इतकं वाईट वाटलं की मी आत जाऊन भांडी घासत बसले.

त्यानंतर "लागला" हा शब्द आमच्या आळीत पुन्हा ऐकू आला नाही. आता दांडा कशालाच लागत नव्हता, मग लोकांनी जागा सोडायची तरी कशाला? ओट्या आत गेल्या, भिंती पुढं आल्या. काकूच्या मुलानं दुकान काढलं. दोन्हीकडच्या गॅलऱ्या वर एकमेकींना भिडल्या. आमच्या ओटीवर दिवसा ट्यूबलाइट लागायची. माझी तावातावानं भांडायची हौस केव्हाच विझली होती. कुणाला समजवायचं? सगळे आपले. सगळ्यांच्या घरी मी जेवलेली.

बाबा आणि दादा यांच्यात अबोला नव्हता. दादा त्यांना डॉक्टरकडं न्यायचा, रात्रीचं औषध स्वतः द्यायचा, बाजारातून त्यांच्यासाठी निवडून बोंबील आणायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाबांनीही त्या खांबाचा विषय परत काढला नाही. संध्याकाळी फिरायला निघाले की खांबापाशी क्षणभर थांबायचे, एवढंच. गुडघे दुखतात म्हणून थांबतात, असं दादा म्हणायचा. असेलही.

दशक संपत आलं होतं तेव्हा बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्रास झाला नाही, सगळे म्हणाले चांगलं मरण आलं. मी शाळेतून धावत आले. माणसं जमली, बांबू आले, सुतळी आली. एक म्हातारबुवा आमच्या दारात बांबू टाकून तिरडी बांधायला बसले. दोन गाठी मारल्या असतील नसतील, त्यांचा हात थांबला. वर बघून म्हणाले, "हितं बांदून न्यायची कशी?"

कुणीतरी हळूच म्हणालं, उभी करून काढू. कपाट आणलं होतं तसं.

दादा ओरडला, "माजा बाप काय कपाट हाय?" आणि मग तो लहान पोरासारखा रडायला लागला.

शेवटी कुणीतरी मांडववाल्याची खुर्ची आणली, लाल प्लास्टिकची, लग्नात असते ती. बाबांना तिच्यावर बसवलं. पडू नयेत म्हणून छातीपाशी धोतरानं बांधलं. मान एका बाजूला कलली होती, ती चुलतभावानं सावरली. दादानं मागून पाठ धरली, दोघांनी पुढून पाय धरले. आम्ही बायका मागं. वळणावर खुर्ची फिरवताना बाबांचा उजवा खांदा खांबाला घासला. पांढऱ्या कापडावर चुन्याचा पट्टा उठला.

दादा थांबला. सगळे थांबले. गावातलं प्रत्येक माणूस तिथं होतं आणि प्रत्येकाला माहीत होतं की आता कुठला शब्द म्हणायचा असतो. मी वाट बघत होते. कुणीही तो म्हणालं नाही. माझ्याही तोंडातून तो निघाला नाही. दादानं बाहीनं डोळे पुसले आणि खुर्ची पुढं सरकली.

तिरडी आळीच्या तोंडाशी बांधली, रिक्षा स्टँडवर. रिक्षावाल्यांनी बिचाऱ्यांनी लगेच गाड्या बाजूला घेतल्या. बसमधली माणसं वाकून बघत होती. आमच्या घराण्यात स्वतःच्या दारात नव्हे तर रस्त्यावर ज्यांची तिरडी बांधली, असे बाबा पहिलेच. तिथून पुढं मात्र त्यांना चौघांचे खांदे मिळाले. पुढचा उजवा दादानं घेतला.

सुतक फिटल्यावर मी माहेरी गेले. वळणावर आले तर खांबाला हळदकुंकू लावलेलं. देवीच्या दांड्याच्या उंचीवर नव्हे, खाली, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. वहिनीचं काम. दादा तिथंच जिन्याच्या पायरीवर बसला होता. मी बघतेय हे त्यानं बघितलं. म्हणाला, "बाय, ह्यो पारला तर सगलीच बिल्डिंग खाली येल. वर बायापोरं रातात लोकांची."

मी म्हटलं, "ठाऊक आहे रे मला."

वहिनीनं आतून चहाला हाक मारली. आम्ही दोघं उठलो आणि घराकडं निघालो, तो पुढं आणि मी मागं, कारण बरोबरीनं चालायला तिथं आता जागा नव्हती.